रागीची खळ आणि वाळवंटातला गाळ

माती तोंडात घालून बघण्याचा पगार मला सरकारने तीस वर्षं दिला. लग्नाकार्यात कोणी "आपण काय करत होता?" म्हणून विचारलं की मी हेच उत्तर देतो. समोरचा हसतो, मी हसत नाही हे बघून थांबतो आणि पानावरच्या चिरोटीकडे वळतो. पण यात थट्टा काही नाही. चिमूटभर माती ओली करून पुढच्या दातांत धरायची. करकरली तर वाळू. पिठासारखी गुळगुळीत लागली, वाजली नाही आणि चिकटलीही नाही, तर पोयटा, म्हणजे नदीचा बारीक गाळ. दाताला धरून बसली तर चिकणमाती. खारट लागली तर तिथे पेरणाऱ्याची धडगत नाही. मग थुंकायची. गिळायची नाही, हे नव्या लोकांना वेगळं सांगावं लागतं.

दुसरी परीक्षा बोटांची. ओल्या मातीचा गोळा अंगठ्याने पुढे पुढे दाबत तिची फीत काढायची. फीत किती लांब जाऊन तुटते त्यावरून माती ओळखायची. प्रयोगशाळेत काचेची नळकांडी, आम्लं, तराजू सगळं असतं, पण रानात तुमच्याजवळ दात आणि अंगठा. माझे दोन्ही चांगले होते. तरी एकदा मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्याची ही हकिकत.

आम्ही बेंगळूरचे जुने मराठी. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आलो, असं घरात सांगतात. फौजेत आमचं काम तलवार चालवायचं नव्हे, तंबू शिवायचं. तेव्हापासून घराण्याचा हात सुईवरून सुटला तो माझ्याच पिढीत. चिकपेटेतल्या एका बोळात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, शिंपीकामाचं दुकान होतं. एक यंत्र, एक लाकडी फळी, आणि मागे राहायची खोली. घरातला पहिला पदवीधर मी. पदवीदानाला इतर मुलं काळे झगे भाड्याने आणत होती. अण्णांनी ते चालू दिलं नाही. स्वतः शिवला. व्यासपीठावरच्या कोणाही मोठ्या माणसापेक्षा माझा झगा खांद्यावर नीट बसला होता, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन.

नोकरी लागली तेव्हा अण्णांनी विचारलं, "काम काय?"

"मातीची परीक्षा."

"परीक्षा तू देणार की माती?"

"माती."

"मग सरी, ठीक आहे," म्हणाले. "तुझ्या झाल्या तेवढ्या पुरे."

पन्नासच्या दशकाच्या शेवटी आमच्या प्रयोगशाळेकडे एक लांबचं काम आलं. राजस्थानच्या वाळवंटात एका कोरड्या नदीच्या काठची माती तपासून द्यायची. तिकडे तेव्हा तपासणीची सोय नव्हती. त्या काठावर काही कुटुंबं नेऊन वसवायची, त्यांना जमीन द्यायची, असा बेत होता. जमीन शेतीच्या लायकीची आहे का आणि तिला खत लागेल का, एवढं आम्ही सांगायचं. आमचे साहेब कानिटकर, पुण्याचे. विद्वान माणूस. पण माती त्यांना कागदावरच आवडायची. मला ते "अहो राव" म्हणत, आणि माझ्या मराठीत कानडी शब्द आला की डोळे मिटून घेत, जणू जेवताना खडा लागला.

वाळवंट म्हटलं की लोकांना वाळूच दिसते. मलाही तसंच वाटायचं. पण तिथल्या नदीला वर्षातून चार-सहा दिवस पाणी येतं, आणि येतं तेव्हा पिसाळल्यासारखं येतं. डोंगरावरून जे सापडेल ते घेऊन सपाटीवर पसरतं. जोर कमी झाला की आधी जड वाळू टाकतं, मग पोयटा, आणि शेवटी डबक्यात निवलेलं पाणी साईसारखी चिकणमाती ठेवून आटून जातं. पुढच्या पुराला त्यावर दुसरा थर. असा खड्डा खणला की भिंतीत पट्टे दिसतात, चिकपेटेतल्या दुकानात ताग्यांची थप्पी दिसते तसे. एक जाडाभरडा, एक मलमल, एक रेशमी. ही माती पाणी वातीसारखं ओढून धरते, म्हणून एका पुराच्या ओलीवर हरभरा निघतो. खोड्याही आहेत. वरून सरी आल्या की तिच्यावर पापडासारखी खपली धरते आणि अंकुर खालीच अडकतो. खोलगटात मीठ वर येतं. आणि मुख्य म्हणजे तिच्यात कुजलेल्या पाल्याचा अंश, ज्याला आम्ही सेंद्रिय कर्ब म्हणतो, तो नसल्यातच जमा. कुजायला आधी काही उगवावं लागतं.

जायच्या आधी पिशव्या हव्या होत्या. मातीचा नमुना कापडी पिशवीत भरतात. कचेरीतल्या पिशव्या आमच्या लाल मातीसाठी ठीक होत्या, पण पोयटा त्यांच्या विणीतून पिठासारखा गळतो. ही अडचण मी घरी जेवताना बोललो. अण्णांनी घास खाली ठेवला.

"किती पिशव्या?"

"शंभर."

"मी शिवतो. सरकारला सांग, एक कण बाहेर येणार नाही."

कानिटकर साहेबांनी मंजुरी दिली. अण्णांनी पंधरा दिवस दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. चिकपेटेतल्याच एका घाऊक दुकानातून जाड मांजरपाट आणला, दोऱ्याला मेण ओढलं, आणि प्रत्येक पिशवीला दुहेरी शिवण घातली. मी आपला नकाशे बघत होतो. शंभर पिशव्या घडी करून, दहा-दहाचे गठ्ठे बांधून त्यांनी माझ्या हातात दिल्या. कडक होत्या, पुठ्ठ्यासारख्या. मला वाटलं, कोरं कापड आहे.

चार दिवस आगगाडी आणि एक दिवस उंट. उंटवाला हरजी नावाचा म्हातारा होता. त्याची बोली मला अर्धी कळायची आणि माझी हिंदी त्याला पावच. मी खड्डा खणून माती तोंडात घालताना त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कमरेची भाकरी सोडून माझ्यापुढे धरली.

"भूक नाही, तपासणी आहे," मी म्हणालो.

"आम्हाला विचार," तो म्हणाला. "पाणी आलं तर हरभरा, नाही आलं तर बकऱ्या. आणि बकऱ्या रानात बसवून त्यांच्या लेंड्या पडल्याशिवाय दाणा भरत नाही."

मी ते वहीत टिपून घेतलं. माती दाताला गुळगुळीत लागत होती, चव किंचित खारट, फीत काढली तर बोटभरही न जाता तुटत होती. सगळं पुस्तकात असावं तसं.

शेवटच्या खड्ड्यात मात्र घोटाळा झाला. तळाच्या थराची भरलेली पिशवी मी खड्ड्यातल्याच पायरीवर ठेवली आणि वर आलो, तेवढ्यात कोरडी भिंत ढासळली. पिशवी आत गेली. उकरायला हवी होती. पण उंटाला उशीर होत होता आणि मला कंटाळा आला होता. नोंदवहीत मी "एक पिशवी गहाळ" एवढंच लिहिलं. बेंगळूरला पोचल्यावर त्या एका पिशवीबद्दल माझ्याकडे तीन वेळा लेखी खुलासा मागण्यात आला.

प्रयोगशाळेत आमचा शिपाई नंजप्पा पिशव्या उघडायचा. नियम असा की नमुन्याचा कणही वाया जाता कामा नये. म्हणून तो पिशवी परातीवर उलटी करून दांडक्याने झोडायचा, मग लाकडी बत्त्याने ढेकळं फोडून सगळं चाळायचा. आलेल्या मातीवर मी आम्ल आणि एक नारिंगी द्रव घालायचो. कर्ब नसला की ते नारिंगी राहतं, भरपूर असला की हिरवं होत जातं. पहिलं भांडं हिरवट झालं. मला वाटलं, भांडं घाण असेल. दुसरं झालं. दहावं झालं.

कानिटकर साहेब येऊन बघून गेले, परत येऊन बघून गेले, आणि तिसऱ्यांदा खुर्ची घेऊनच आले.

"अहो राव, वाळवंटात एवढा कर्ब?"

"साहेब, काहीतरी स्वल्प चुकतंय." त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे थोडंसं. रानात माझी फीत तुटत होती. इथे हीच माती लांब जाते."

"अहवाल बोटांवर लिहीत नाहीत, राव. आणि चाळीस भांडी एकदम खोटं बोलत नाहीत."

मी माझी वही मिटून ठेवली. शिंप्याचा मुलगा, नोकरी अजून हंगामी, कायम व्हायचा कागद साहेबांच्या टेबलावर. आणि मनातून मला काचेच्या भांड्यांचा दरारा होता. बोटं काय, अण्णांनाही आहेत. भांड्यांसाठी मी शिकलो होतो.

साहेबांनी अहवाल लिहायला घेतला. अशी सुपीक पूरमाती वाळवंटात सापडणं ही मोठी गोष्ट आहे, आणि इथे वसणाऱ्या कुटुंबांना खताशिवाय पेरता येईल, असं त्यात होतं. वहीतल्या हरजीच्या बकऱ्या मी दाखवल्या. त्या "ऐकीव माहिती" म्हणून गळल्या. अहवाल घेऊन साहेब दिल्लीला जाणार, तारीख ठरली, त्यांनी नवा कोटही शिवायला टाकला. अण्णांकडेच.

आणि मग झुरळं आली.

प्रयोगशाळेच्या कोठारात निरनिराळ्या गावांची माती मांडणीवर असायची. नंजप्पा एका सकाळी मला हात धरून घेऊन गेला. "स्वामी, हे बघा. कोलारच्या मातीला झुरळ नाही. मंड्याच्या मातीला नाही. ही राजस्थानची पिशवी तेवढी खातायत. आतून."

मी साहेबांना बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग समाधानाने म्हणाले, "बघितलंत? त्या किड्यालासुद्धा सुपीक माती कळते."

ते गेले. मी रिकाम्या पिशवीत हात घातला. आतल्या बाजूला खरखरीत, तपकिरी सालपटं सुटत होती. मातीच्याच रंगाची, म्हणून इतके दिवस दिसली नव्हती. इतक्या दिवसांत प्रयोगशाळेतली माती मी एकदाही तोंडात घातली नव्हती. तिथे तसं करणं शिकल्या माणसाला शोभत नाही असं वाटायचं. नंजप्पाला म्हटलं, दाराकडे बघ. आणि चाळलेल्या नमुन्यातली चिमूट जिभेवर ठेवली.

रागीची अंबील. आमच्या घरची, रोज सकाळची.

त्या दिवशी आमच्या बेंगळूरच्या शिवाजीनगरपर्यंत बस आणि तिथून पुढे चालत मी दुपारीच घरी पोचलो. अण्णा साहेबांच्या कोटाला काज करत होते.

"अण्णा, त्या पिशव्यांना आतून काय लावलंत?"

"खळ." त्यांनी वर पाहिलं नाही. "रागीची. घट्ट शिजवून दोन हात दिले. विणीची सगळी भोकं बंद. का, गळली?"

"नाही गळली."

"मग?"

मी कर्ब म्हणजे काय ते सांगितलं, नारिंगी-हिरवं सांगितलं, नंजप्पाचं दांडकं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुई कापडात टोचून ठेवली.

"म्हणजे तुझ्या साहेबांनी माझी खळ तपासली."

"हो."

"आणि चांगली निघाली."

"अण्णा, तिथे माणसं नेऊन बसवणार आहेत. खत लागत नाही म्हणून सांगणार आहेत त्यांना."

ते एकदम गंभीर झाले. "मला सांगायचंस ना, खळ नको म्हणून."

"मला माहीतच नव्हतं तुम्ही लावलीत."

"विचारायचं होतंस. कॉलेजात विचारायला शिकवत नाहीत काय?"

अण्णांनी कोट पुन्हा हातात घेतला. "जा, सांग साहेबांना. माझं नाव सांग. नोकरी गेली तर यंत्र आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब फाइलीला फीत बांधत होते. संध्याकाळी गाडी होती. मी आयोडिनची बाटली आणि दोन बशा घेऊन आत गेलो. एका बशीत त्या काठचीच, मी तिकडून आठवण म्हणून कागदाच्या पुडीत बांधून आणलेली माती. दुसरीत पिशवीतली. आयोडिन पिठाला लागलं की निळंजांभळं होतं. पहिली बशी तशीच राहिली. दुसरी शाईसारखी झाली.

"हे काय आहे?"

"रागी, साहेब."

"रागी म्हणजे?"

"नाचणी."

"वाळवंटात नाचणी पिकते?"

"नाही साहेब. चिकपेटेत. माझ्या वडिलांनी पिशव्यांना आतून खळ दिली होती. गळू नये म्हणून."

कानिटकर साहेबांनी दोन्ही बशा खिडकीपाशी नेऊन बघितल्या. मग आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यांनी पिशवीतल्या मातीची चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. तोंड हललं. मी कायम व्हायच्या कागदाकडे बघत होतो, तो फाइलीखालून जरासा दिसत होता.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मग फाइलीची फीत सोडली, आपलं पहिलं पान काढलं आणि दोन्ही हातांनी नीट, सरळ रेघेत फाडलं. त्या माणसाला मी पूर्वी मनात पुष्कळ नावं ठेवली होती. ती त्या दिवशी परत घेतली. "दिल्लीला तार करतो," म्हणाले. "तुम्ही पुन्हा जा. पिशव्या पुन्हा तुमच्या वडिलांकडूनच. दुहेरी शिवण मी बघितली आहे. खळ मात्र," ते थांबले आणि माझ्यासाठी खास शब्द शोधला, "स्वल्पसुद्धा नको."

अण्णांनी पुन्हा शंभर शिवल्या. कापड तीनदा उकळून धुतलं. धुतलेल्या कापडाची पिशवी लोंबते, हे त्यांना बघवत नव्हतं. प्रत्येक पिशवी देताना ते तोंड दुसरीकडे करायचे.

मी गेलो तेव्हा पूर येऊन गेला होता. माझे खड्डे कुठेच दिसेनात. सगळ्यावर वीतभर नवा थर, वर भेगांची नक्षी. हरजी भेटला. हरभरा पेरून मोकळा झाला होता. "पुन्हा भूक लागली?" म्हणाला. मी या वेळी आधी त्याला विचारलं, मग खणलं. कुठल्या काठाला हरभरा, कुठल्या वाळूत टरबूज, कुठल्या खोलगटाच्या चिकणमातीतून गाडगी आणि विटा, कुठे नुसती बकऱ्यांनी चरायची जागा. त्याने चालता चालता सांगितलं आणि पुढे माझी भांडी महिनाभर त्याला दुजोरा देत राहिली. एवढी नम्र भांडी मी पुन्हा पाहिली नाहीत.

हरजीने अंदाजाने दाखवलेल्या जुन्या जागी शेवटचा खड्डा खणताना नवा पोयटा संपला, खाली जुनी ढासळलेली माती लागली आणि कुदळीला काहीतरी मऊ लागलं. हाताने उकरलं. हरवलेली पिशवी. कापड ओलीने पार कुजलं होतं, बोट लावलं की विरत होतं. खळ केव्हाच वाळवीने किंवा पाण्याने नेली असेल. पण मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिवण जशीच्या तशी. चारी कडा उभ्या, मधे कापडाच्या चिंध्या, आणि आत गाळाचा घट्ट ठोकळा, पिशवीच्याच आकाराचा. त्या ठोकळ्यातला कर्ब पुढे मोजला. नारिंगी द्रव नारिंगीच राहिलं.

तो शिवणीचा सांगाडा मी कागदात गुंडाळून घरी आणला. अण्णांनी तो उजेडात धरला. कापडाकडे बघितलंच नाही. नखाने शिवण चाचपत एक फेरी पूर्ण केली.

"एक टाका सुटला नाही," म्हणाले.

"नाही."

"मातीत किती दिवस होती?"

"पूर वरून गेला, अण्णा."

त्यांनी ती यंत्राच्या खणात ठेवली. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की ते खण उघडत, ती पुढे ठेवत, आणि काही न बोलता बसून राहत.

नवा अहवाल गेला. कुटुंबं वसवली ती उंचावर, आणि काठची जमीन बकऱ्या बसवून, पुराच्या ओलीवर पेरायची असं ठरलं. मी कायम झालो. अहवाल छापून आला तेव्हा मी तो अण्णांना वाचून दाखवला, मराठी करून. त्यात पहिल्या चुकीचा खुलासा एका तळटीपेत होता. तो मीच लिहिला होता आणि मोठ्या चतुराईने लिहिला होता: पहिल्या खेपेच्या पिशव्या एका स्थानिक शिंप्याकडून शिवून घेतल्या होत्या, त्यांच्या खळीमुळे निष्कर्षांत दोष आला.

"स्थानिक शिंपी कोण?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही."

"मग तसं का नाही लिहिलं?"

"अण्णा, चूक होती ती. सरकारी कागदात तुमचं नाव चुकीखाली कशाला?"

"दुसऱ्या खेपेच्या शंभर बरोबर होत्या ना? त्या कोणी शिवल्या असं लिहिलंय?"

मी पान उलटून पाहिलं. तिथे नुसतं "स्वच्छ कापडी पिशव्या" असं होतं.

"तुझं नाव आहे?"

"आहे. आत, मदतनिसांत."

"साहेबांचं?"

"वर."

"हं," म्हणाले. "मी सांगितलं होतं, माझं नाव सांग म्हणून." आणि यंत्राचं चाक फिरवलं. मी त्यांची अब्रू राखली असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. खरं म्हणजे मी माझी राखली होती. साहेबांच्या खोलीत मी "वडील" म्हणालो. छापून येणाऱ्या कागदात पदवीधराच्या बापाचा शिंपी, आणि तोही स्थानिक, होऊन बसला.

अण्णा गेले, यंत्र गेलं, तो बोळही आता ओळखू येत नाही. शिवणीचा सांगाडा माझ्याकडे आहे. अहवालाची प्रतही आहे, पण छापील तळटीप आता कोण बदलून देणार? म्हणून ती इथे दुरुस्त करतो. पहिल्या खेपेच्या खळ दिलेल्या शंभर पिशव्या आणि दुसऱ्या खेपेच्या बिनखळीच्या शंभर पिशव्या, दुहेरी शिवणीच्या, मेणाच्या दोऱ्याने, चिकपेटेतल्या अंबाजीराव शिंप्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिवल्या होत्या. एकही गळली नाही.